वाघिणी मोजताना
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठी मुलाला 'वाघीण' या शब्दाचे दोन अर्थ शिकावे लागतात. एक वाघीण जंगलात राहते. दुसरी रुळांवर धावते आणि तिच्या पोटात कोळसा, गहू, सिमेंट किंवा खत असते. रेल्वेबरोबर आलेल्या 'वॅगन' या इंग्रजी शब्दाला मराठी जिभेने आपल्या ओळखीच्या प्राण्याचे रूप दिले. 'मालगाडीच्या वाघिणी घसरल्या' असे वर्तमानपत्रात छापून येते आणि वाचणाऱ्याला हसू येत नाही, इतका तो शब्द आता रुळला आहे. परंतु शब्द रुळला असला, तरी तो बोलण्याचा प्रसंग किती मुलांवर येतो, हा प्रश्न निराळा.

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सोलापूरहून नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांची घरे सर्जापूर रोडच्या आसपास आहेत. तेथे वाढणाऱ्या मुलाची शाळा इंग्रजीत, खेळ हिंदीत, दुकानदाराशी बोलणे मोडक्या कन्नडमध्ये. मराठी उरते ती 'जेव', 'झोप', 'पुस्तक उचलून ठेव' एवढ्यापुरती. आज्ञेची भाषा होऊन बसलेल्या मातृभाषेविषयी मुलाला प्रेम वाटावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. अशा भाषेतून सर्वांत आधी निसटतात त्या संख्या. 'फोर्टी नाइन' सहज येते. 'एकोणपन्नास' ऐकले की मूल थबकते, कारण त्याला पन्नासाकडे बघून एक पाऊल मागे यावे लागते.

या दुखण्यावर सर्जापूर रोडलगत एक बिनखर्चाचा उपाय आहे. बैयप्पनहळ्ळीहून होसूरमार्गे सेलमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कार्मेलराम नावाचे छोटे स्थानक आहे. हा मार्ग एकेकाळी मीटरगेज होता. आता तो ब्रॉडगेज असून त्यावर विजेच्या तारा आल्या आहेत. भोवताली उंच इमारतींचे संकुल उभे राहिले, रस्ते मोटारींनी तुंबले. फलाटावर मात्र अजून निवांत बसता येते. फलाट तिकीट काढून बाकावर बसलेली, गावाहून हिवाळ्यापुरती आलेली आजी आणि तिचा बोट धरून आलेला नातू यांना मालगाडी दिसली, की दोघांनी मिळून मोजायला सुरुवात करावी. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी मोजणाऱ्याला विचार करायला फुरसत देत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे तिन्ही अवघड सांधे ओलांडावेच लागतात. थांबले की वाघीण निघून जाते.

उघड्या, कोळसा वाहणाऱ्या वाघिणींची गाडी असेल, तर मोजणी बहुधा ५८ किंवा ५९ वर थांबते. खनिज तेलाच्या टाक्यांची असेल तर ५० च्या आसपास. जुन्या धाटणीच्या बंद, धान्य-सिमेंटच्या वाघिणी असतील तर ४१-४२, आणि कंटेनरची सपाट गाडी असेल तर ४५. हे आकडे कोणी लहरीने ठरवलेले नाहीत. मालगाडीला वाटेत बाजूला घेऊन मागची प्रवासी गाडी पुढे काढण्यासाठी स्थानकात जो जादा रूळ असतो, त्या लूप लाइनची सर्वसाधारण उपयुक्त लांबी सुमारे ६८६ मीटर धरलेली आहे. गाडी त्यात मावली पाहिजे. उघडी वाघीण सुमारे पावणेअकरा मीटर लांब. अशा ५८ झाल्या की ६२० मीटर भरतात, त्यात इंजिन आणि गार्डचा डबा. जुनी बंद वाघीण साडेचौदा मीटरची, म्हणून ती बेचाळीसच बसतात. पुढे बंद वाघीण आखूड आणि ऐसपैस करण्यात आली, तेव्हा तिचीही संख्या ५८ वर गेली. भागाकाराचे गणित पुस्तकात 'एका दोरीचे तुकडे केले' असे असते. फलाटावर तेच चार हजार टनांचे होऊन समोरून जाते.

संख्येनंतर अक्षरे. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर तिचा प्रकार लिहिलेला असतो. 'बी' म्हणजे बोगी, अर्थात दोन चौचाकी गाड्यांवर बसवलेली लांब वाघीण. 'सी' म्हणजे झाकलेली. 'टी' म्हणजे टाकी आणि त्यापुढचा 'पी' पेट्रोलियमचा. शेवटचा 'एन' हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा. त्याखाली अकरा अंकी क्रमांक. पहिले दोन अंक प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा आणि सहावा बांधणीच्या वर्षाचा, मग चार अंक तिच्या स्वतःच्या ओळखीचे. थांबलेल्या गाडीजवळ मुलाने पाचवा-सहावा अंक वाचला, तर ही वाघीण आपल्यापेक्षा मोठी की धाकटी हे त्याला कळते. हा प्रश्न मुलांना भलताच आवडतो.

अकरावा अंक खरा गमतीचा. तो पडताळ्याचा अंक आहे. उदाहरणादाखल कल्पिलेला क्रमांक घ्यावा: २२०६१३०४१८, आणि अकरावा अंक शोधायचा आहे. सम स्थानांवरचे अंक २, ६, ३, ४, ८. बेरीज २३, तिची तिप्पट ६९. विषम स्थानांवरचे २, ०, १, ०, १, बेरीज ४. दोन्ही मिळून ७३. पुढची पूर्ण दहाई ८०, तिला हवेत ७. म्हणून अकरावा अंक ७. लिहून घेणाऱ्या कारकुनाने एखादा अंक चुकीचा उतरवला, तर हा हिशोब जुळत नाही आणि चूक उघडी पडते. पाचवीच्या मुलाला जमणारी ही आकडेमोड आहे. ती मराठीत पुटपुटत केली, तर पाढे आणि बेरजा दोन्ही घासून निघतात.

इंजिनाची नावेही अशीच वाचायची. 'डब्ल्यू' ब्रॉडगेजचा, 'ए' पर्यायी विद्युतप्रवाहाचा, 'डी' डिझेलचा, 'जी' मालाचा, 'पी' प्रवाशांचा, 'एस' शंटिंगचा. डब्ल्यू.ए.जी.-९ असे वाचले की ते मालगाडीचे विद्युत इंजिन, ६,१२० अश्वशक्तीचे. बिहारमधील मधेपुरा येथे बनणारे डब्ल्यू.ए.जी.-१२ दोन जोडभागांचे आहे, त्याची शक्ती १२,००० अश्वशक्ती. आज पालक असलेल्या पिढीने लहानपणी जे डब्ल्यू.डी.एम.-२ डिझेल इंजिन धूर ओकताना पाहिले, त्याची शक्ती २,६०० होती. कसारा आणि कर्जतच्या घाटांत, जेथे ३७ मीटर अंतरात एक मीटर चढ आहे, गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्यांचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. त्या घाटांत १९२८ नंतर आलेल्या, लांब नाकाच्या विद्युत इंजिनाला लोक 'खेकडा' म्हणत. यंत्राला प्राण्याचे नाव द्यायची खोड मराठी माणसाची जुनीच.

सर्जापूर रोडच्या उत्तरेला थोड्या अंतरावर व्हाइटफील्ड आहे. तेथील स्थानक, मालधक्का आणि कंटेनर डेपो हा बेंगळुरूच्या मालवाहतुकीचा गजबजलेला भाग. आणि त्याच मार्गावर शहराच्या बाजूला कृष्णराजपुरमची लोको शेड, जी डिझेल इंजिनांसाठी उभारली गेली आणि आता विद्युत इंजिनेही सांभाळते. देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ मध्ये बेंगळुरूला सुरू झाला. समुद्रापासून इतक्या दूर बंदराची कागदपत्रे तयार व्हावीत, ही कल्पना तेव्हा नवी होती. यार्डात शिरायला सर्वसामान्यांना मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शंटिंग होताना इंजिनापासून सुटलेली वाघीण आवाज न करता सरकत येते. तिला भोंगा नसतो. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. छंद फलाटावरून आणि पादचारी पुलावरून पुरा होतो. ज्याला तेवढ्याने भागत नाही, त्याने दुसरा छंद पाहावा.

पूल तर उत्तमच. वरून पाहिले की सांध्यांची जाळी दिसते, एका रुळाचे दोन, दोनाचे चार कसे होतात ते दिसते, आणि वरून उघड्या वाघिणीत काय भरले आहे तेही.

शाळेत शिकवले जाते, की भारतातील पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. प्रवासी गाडीपुरते ते खरे आहे. माल मात्र त्याआधीच रुळांवर होता. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी रूळ टाकले गेले. रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन माती-दगड ओढत होते. माणसे मागाहून बसली. आजही आपण स्थानकात उभे राहून 'आपली गाडी' कधी येते ते पाहतो आणि मधून जाणाऱ्या मालगाडीवर चडफडतो. तिच्यात आपले काही असेल, असे मनात येत नाही.

ते कधी येते? एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांच्या मनात आले. दुष्काळाने शहराचे नळ कोरडे पडले असताना मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणी १२ एप्रिलला लातूरला पोहोचल्या. सुमारे पाच लाख लिटर पाणी. एरवी तेल वाहणाऱ्या टाक्या राजस्थानातील कोटा येथे आतून धुऊन स्वच्छ करून आणल्या होत्या. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. त्या दिवसांत रुळांकडे बघणारे लोक छंदापायी बघत नव्हते.

पाच वर्षांनी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमकडे रवाना झाले. टँकरची उंची मोजून निवडावी लागली, कारण वाघिणीवर चढल्यावर ते पुलांखालून आणि विजेच्या तारांखालून गेले पाहिजेत. घाटातून ती गाडी नेता येत नव्हती. म्हणून ती वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घालून गेली. प्राणवायू भरून परतताना तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला पोहोचले. मे महिन्यात अशीच एक गाडी टाटानगरहून बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड डेपोत आली: सहा कंटेनर, १२० टन द्रवरूप प्राणवायू. सर्जापूर रोडवरच्या बंद दारांमागे त्या काळात किती मराठी घरे श्वासाचे आकडे मोजत बसली होती, हे येथे उपस्थित पालकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मोजायला सहाच कंटेनर होते; एकोणपन्नासापर्यंत जायची गरज नव्हती.

जाणारी गाडी टक लावून पाहणे हा रिकामटेकडेपणा आहे, असा समज असेल तर रेल्वेचा तसा समज नाही. ते तेथे पगारी काम आहे. मालगाडी यार्डात येते तेव्हा तपासणी कर्मचारी रुळाच्या दोन्ही बाजूंना खाली बसून प्रत्येक चाक न्याहाळतात: एखादा आस तापून धूर देतो आहे का, चाक एका जागी घासून सपाट झाले आहे का, खाली काही लोंबते आहे का. सपाट झालेले चाक डोळ्यांआधी कानाला कळते. प्रत्येक फेऱ्याला ठोका पडतो. न थांबता जाणाऱ्या गाडीसाठीही स्थानकातला माणूस हिरवा बावटा घेऊन उभा राहतो आणि धोका दिसला तर लाल दाखवतो.

सर्वांत महत्त्वाचे पाहायचे असते ते शेवट. गाडीच्या अखेरच्या डब्यावर 'एल.व्ही.' अक्षरांची पाटी आणि रात्री लाल दिवा असतो. ती खूण डोळ्यांनी पाहिल्याखेरीज, गाडी पूर्ण आली असे स्थानकप्रमुख मानत नाही. मधेच जोड तुटून चार वाघिणी मागे राहिल्या असतील, तर त्या रुळांवर दुसरी गाडी सोडणे म्हणजे अनर्थ. जोड तुटला की ब्रेकच्या नळीतला दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात, तरीही शेवटचा डबा पाहायचा नियम सुटलेला नाही. अलीकडे गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, आणि काही मालगाड्यांना गार्डच्या डब्याऐवजी मागे लुकलुकणारे यंत्र लावतात. कार्मेलरामच्या बाकावरच्या मोजणीत त्यामुळे नवी पंचाईत झाली आहे. नातू गार्डचा डबा धरून एकोणसाठ म्हणतो. आजीचे म्हणणे, तो डबा आहे, वाघीण नव्हे, तेव्हा अठ्ठावन्नच. हा वाद घरी पोहोचेपर्यंत मिटत नाही, आणि तो सगळा मराठीत चालतो.