नोंद कुणाच्या नावाची?

आम्ही आटगावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या बायांनी तीन पाड्यांवर घरोघर फिरून लहान मुलांची वजनं घेतली, घरात काय शिजतं ते लिहून घेतलं. भर पावसात, भातलावणीची मजुरी बुडवून. पुढे त्याचा अहवाल छापून आला. त्यात आमच्या गटाचं नाव नव्हतं. "नाव नसलं म्हणून काय झालं, पोरांचं भलं होतंय ना!" असं आमच्यातलीच एक म्हणाली. निम्म्या जणींना ते पटलं, निम्म्यांना नाही. म्हणून आज एका शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट सांगतो.

त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. एमएस्सीला त्यांनी अभ्यास केला तो सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. विटांची भिंत असते, तसं झाडाचं आणि आपलं शरीर पेशींचं असतं. पेशी भलत्याच वाढायला लागल्या की कर्करोग होतो. हाच पुढे बाईंचा विषय झाला. 1949 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगवायची विद्या तिथे होती. आपण विरजण जपतो ना, तसं पेशींना ऊब द्यायची, खाणं द्यायचं, घाण लागू द्यायची नाही. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि घराण्यातला वारसा यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

हे सगळं आज आपल्याला कळतं, कारण ते लिहिलेलं आहे. बाईंचे 200हून जास्त शोधनिबंध छापले गेले. शोधनिबंध म्हणजे काय केलं, कसं केलं, काय दिसलं याचा लेखी हिशोब, वर करणाऱ्यांची नावं. पुढचा शास्त्रज्ञ त्याच वाटेने गेला की त्याने लिहायचं, 'हे आधी अमक्यांनी दाखवलं.' याला संदर्भ देणं म्हणतात. असे संदर्भ मोजणारी मोठी सूची अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी 1964 साली काढली. 2005 पासून आणखी एक माप आलं. एखादीचे निदान पाच निबंध असे असतील, की प्रत्येकाचा संदर्भ निदान पाच वेळा दिला गेलाय, तर तिचा आकडा पाच. एकाच निबंधाचा शंभर वेळा संदर्भ आला तरी तेवढ्याने आकडा एकच. या मापांवरून आता नोकऱ्या ठरतात, बढत्या ठरतात.

पण मोजमापातून निसटतंही बरंच. बाई अकोले तालुक्यातल्या राजूरला आल्या. कसाऱ्याचा घाट चढून घोटीमार्गे गेलं की ते गाव. तिथल्या आदिवासी मुलांच्या आहाराचा अभ्यास त्यांनी केला, गावातल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. 1973 साली इतर जणींना घेऊन भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. एखाद्या बाईने ऐकलं आणि पोराच्या ताटात डाळ वाढली, याचा संदर्भ कुठल्या सूचीत येणार?

आणखी एक सांगतो. त्याच बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी जगवल्या गेल्या. तिला विचारलं नव्हतं. ती त्याच वर्षी वारली, पेशी मात्र जगभर गेल्या आणि त्यांवर हजारो निबंध झाले. तिचं खरं नाव कितीतरी वर्षं लोकांना ठाऊक नव्हतं.

हे वाचून झालं, तेव्हा नाव नसलं तरी चालेल म्हणणारी आमची मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली, "लिहा पत्र." आम्ही ठराव केला आणि अहवालात दुरुस्ती मागणारं पत्र दिलं. पोच घेतली आहे, उत्तराची वाट बघतोय. आता ठराव वहीत आम्ही एक रकाना वाढवलाय : काम कुणी केलं. वजन कुणी घेतलं, बँकेत कोण गेलं, आजारी बाईला दवाखान्यात कुणी नेलं, तारखेसकट.

एक विनंती. स्तनात गाठ लागली, किंवा आई-मावशी-बहिणीला हा आजार झालेला असला, तर लाजू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि येत्या बैठकीत तुमचीही वही उघडून बघा, कुणाकुणाचं नाव राहिलंय ते.