खेळण्यातली मोटर आणि घाटातली गाडी



पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय पाहून पुष्कळांना हसू आले असेल. जन्मभर गेटसभांतून बोलणारा माणूस पन्नाशी उलटल्यावर खेळण्यांकडे कसा वळला, असे रस्त्यात दोघातिघांनी मला विचारलेही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि यंत्रांच्या सोबतीने झाले. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. मात्र आज ज्या वस्तूंविषयी बोलणार आहे त्या स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेल्या आहेत, एवढी ग्वाही देतो.

विषय असा आहे. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मुले त्यांची मोटार रचतात, आगगाडी रचतात, क्रेन रचतात आणि हाताने ढकलतात. आमच्या युनियनच्या खोलीत दर रविवारी काही मुले जमतात. त्यांना हे ढकलणे पुरेना. गाडीच्या पोटात मोटर, सेल आणि रिमोटची पेटी अशी दडवायची की बाहेरून काही दिसू नये, आणि लांबून बटण दाबले की गाडीने चालू लागावे, असा त्यांचा हट्ट. तो पुरा करताना मला जे प्रश्न पडले ते मी आपल्यापुढे मांडणार आहे.

या विटेचे मूळ गाव डेन्मार्कमधले बिलुंड. ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाचा सुतार मंदीच्या दिवसांत कामे मिळेनात म्हणून १९३२ साली लाकडी खेळणी करू लागला. 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ साली लेगो हे नाव आले. आज आपण पाहतो त्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे आहे. वर गुंड्या, आत पोकळ नळ्या, आणि गुंडी नळीच्या व भिंतीच्या मध्ये चिमटीत धरली जाते, ही त्यातली युक्ती. १९६६ साली विजेवर चालणारी आगगाडी निघाली, पुढे अदृश्य प्रकाशाचा रिमोट आला, मग ब्लूटूथ आले. म्हणजे कंपनीने सगळे तयार करून ठेवलेलेच आहे. पण त्या डब्याची किंमत पाहिली की कंत्राटी कामगाराचा बाप दुकानाबाहेरच थांबतो. म्हणून आमची मुले साध्या विटा वापरतात, आणि मोटरी, सेलची घरे, तारा हे सामान मी मुंबईला गेलो की लॅमिंग्टन रोडवरून पिशवीत घालून आणतो.

आता दडवण्याचा हिशेब ऐका. दोन गुंड्यांमधले अंतर ८ मिलिमीटर. सहा गुंड्या रुंदीची गाडी म्हणजे ४८ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना एकेक गुंडीची भिंत गेली की आत ३२ उरतात. पेन्सिल सेलचा व्यास साडेचौदा, म्हणजे दोन सेल शेजारी ठेवले की २९, छान बसतात. पण सहा व्होल्टसाठी सेल लागतात चार. ते दोनावर दोन रचले तर उंची पुन्हा २९, आणि तीन विटांची उंची होते २८.८. दोन दशांश मिलिमीटरसाठी छप्पर बसेना! एका मुलाने कानस मागितली. दुसरीतल्या एका मुलीने सांगितले, सेल आडवे एकापुढे एक ठेवा आणि गाडीच लांब करा. गाडी लांब झाली, तशी ती वळणावर अडू लागली. एका ठिकाणी दडवलेली अडचण दुसऱ्या ठिकाणी डोके वर काढते, हे त्या दिवशी मुलांना फळ्यावर लिहून सांगावे लागले नाही.

लांब गाडी वळणावर अडते हा प्रश्न आपल्या शेजारी नेरळला शंभर वर्षांपूर्वी सुटलेला आहे. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. तिची जर्मन बनावटीची वाफेची इंजिने होती, त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांचा आस पोकळ होता आणि त्याच्या आत दुसरा आस दडवलेला होता. आतला आस शक्ती पोचवी, बाहेरचा वळणाप्रमाणे तिरपा होई. आपण तिला खेळण्यातली गाडी म्हणतो. पण तो आस करणाऱ्याने खेळ केलेला नव्हता.

मोटर बसली, गाडी टेबलावर धावली. मग मुले म्हणाली, घाट करू या. पळसदरीच्या मुलांना दुसरे काय सुचणार? समोर बोरघाट. १८५६ साली या घाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी वर पोचली. १८५९ साली मजुरी थकली म्हणून याच कामावर मजुरांनी दंगा केला होता, हे जाता जाता सांगतो. माझ्या धंद्याचा माणूस ते विसरत नाही. घाटाचा चढ ३७ ला १. घरी करून पाहायचे असेल तर ३७ इंच लांब फळी घ्या आणि तिचे एक टोक इंचभर उचला. दिसायला काहीच नाही. पण एक किलो वजनाची गाडी त्यावर ठेवली की सुमारे २७ ग्रॅमचा ओढा तिला सतत मागे खेचत राहतो. आमची गाडी चार बोटे चढली आणि जागच्या जागी चाके फिरवू लागली. मोटरीत ताकद होती, पण चाकांना पकड नव्हती. चाकांना रबरी कडी घातली, सेलचे वजन मोटरीच्या चाकांवर आणले, तेव्हा ती हलली.

१९२९ साली पुण्यापर्यंत वीज आली, तेव्हा या घाटात जी मालगाडीची इंजिने आली त्यांना आपले रेल्वेवाले खेकडा म्हणत. मध्ये खोली, दोन्ही बाजूंना लांब नाके, नाकांत मोटरी, आणि चाके जोडदांड्यांनी एकमेकांना बांधलेली. स्वित्झर्लंडमधल्या मगर नावाच्या इंजिनाचे हे भावंड. लेगो कंपनीने २०२० साली त्या मगरीची प्रतिकृती काढली आणि मोटर दडवायला तिच्या पोटात जागा सोडली. आमची मुले खेकडाच रचतात. त्यांतल्या एकीचे आजोबा खेकड्यावर काम केलेले आहेत. जोडदांडे चुकले की ते मोठ्याने रागावतात.

आणि मागून लावायचे इंजिन, म्हणजे बँकर? कर्जतला गाडी थांबते आणि मागे इंजिने लागतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. सगळा जोर पुढूनच लावला तर डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येईल, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मध्येच जोडणी तुटली तर मागचे डबे घसरत खाली येऊ नयेत, म्हणून खालच्या अंगाला कोणीतरी उभे असते.

इथून मी रिमोटकडे येतो. दुरून, तारेशिवाय हुकूम पोचतो हे आपल्या देशाने फार लवकर पाहिले. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. १८९८ साली न्यूयॉर्कला टेस्लाने पाण्यावरची छोटी नाव रेडिओने चालवली. आमच्या मुलांचा पहिला रिमोट टीव्हीच्या जातीचा होता. सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकणारा अदृश्य प्रकाश. त्याला डोळा लागतो, आणि डोळा छपराखाली दडवला की हुकूम पोचत नाही. उन्हात पोचत नाही. पुठ्ठ्याच्या बोगद्यात गाडी शिरली आणि हुकूम तुटला. मुलगा थांबण्याचे बटण दाबत राहिला, गाडी बोगद्यातून बाहेर पडली ती टेबलाच्या कडेवरून थेट जमिनीवर. विटा खोलीभर झाल्या. मुले हसली. मला हसू आले नाही.

त्याचे कारण सांगतो. आपल्या याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, डोक्यावरची क्रेन आधी लोंबत्या पेंडंटवर चालत असे. पुढे रेडिओचा रिमोट आला. हुकूम तुटला की क्रेन आपोआप थांबावी अशी सोय त्यात होती. पण क्रेन दिवसातून चारदा थांबू लागली, माल अडू लागला, तेव्हा कोणीतरी पॅनेलमध्ये तार जोडून ती सोयच बाद केली. क्रेन चालवणारा कंत्राटी मुलगा. त्याच्या हातात बटण होते; पॅनेलची किल्ली नव्हती, आत काय केले आहे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. एका पाळीत त्याने बटण सोडले आणि बोजा पुढे जातच राहिला. खाली उभा असलेला हेल्पर वेळेवर बाजूला झाला म्हणून वाचला. आम्ही काम थांबवले. कारखाने कायद्यात १९८७ साली कलम १११-अ घातले गेले होते, सुरक्षिततेची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्क सांगणारे. त्या कलमावर बोट ठेवून आम्ही बसलो, आणि पॅनेल सगळ्यांच्या देखत उघडल्यावरच उठलो. ती दीड वीत लांबीची तार मी पाहिलेली आहे.

तेव्हा गाडी जमिनीवरून गोळा केल्यावर मी मुलांना एवढेच विचारले: हुकूम पोचला नाही तर गाडीने काय करायचे? हे आधी ठरवा, मग मोटर दडवा.

घाटाने याची उत्तरे किंमत मोजून शोधली आहेत. १८६९ साली उतरणारी गाडी ब्रेक न लागल्याने रिव्हर्सिंग स्टेशनावरून कोसळली. उताराच्या वाटेवर ज्या कॅच सायडिंग आहेत, त्यांचे सांधे एरवी चढावर जाणाऱ्या त्या आडवाटेकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवले म्हणजे सरळ वाट मिळते. रेल्वेच्या ब्रेकचे तत्त्वही हेच आहे. नळी फुटली की ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. जिथे काहीच करायचे राहिले नाही तिथे यंत्राने थांबावे, अशी ती व्यवस्था.

कंपनीच्या रिमोटांतही दोन जाती होत्या. एकात दांडी सोडली की गाडी थांबे. दुसऱ्यात चक्री फिरवून वेग ठरवला की रिमोट खाली ठेवला तरी गाडी धावत राही. आगगाडीला दुसरी सोयीची, हे मी नाकारत नाही. पण मुलांनी वाद घालून आपला नियम केला. गाडीच्या छोट्या पाटीला रिमोटकडून अर्धा सेकंद काही ऐकू आले नाही, तर तिने मोटर तोडायची. ते काम नववीतल्या एका मुलाने लिहिले. तरी चढावर गोची राहिलीच. मोटर तुटली की गाडी उलटी घसरे. त्यावर त्यांनी वर्म लावला, म्हणजे स्क्रूसारखा दातेरी दंडगोल. मोटर वर्मला फिरवते आणि वर्म चाकाला. पण चाकाने वर्मला उलटे फिरवू म्हटले तर ते होत नाही. २४ दात्यांचे चाक एकदा फिरायला वर्मला २४ फेरे घालावे लागतात, घर्षणात बरीच ताकद जाते, गाडी गोगलगायीसारखी चालते. दोन मुले या वेगावर नाराज आहेत आणि त्यांनी दुसरी, वर्मशिवायची गाडी करायला घेतली आहे. मी त्यांना अडवलेले नाही. फक्त तिच्यामागे बँकर लावा म्हटले आहे. दोन गाड्या, दोन मोटरी, एक रिमोट, आणि दोघींचा वेग जुळत नाही. पूर्वी पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर शिट्ट्यांनी एकमेकांशी बोलत, तसे काही त्यांना सुचते का पाहू.

आमच्या गाडीचे छप्पर डिंकाने चिकटवायचे नाही, हाही मुलांचाच नियम आहे. सुंदर दिसावी म्हणून मोटर जरूर दडवावी, पण दोन बोटांनी छप्पर निघाले पाहिजे.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबल आहे. ३७ इंचांची फळी आहे, तिच्या टोकाखाली इंचभर जाडीचे पुस्तक ठेवले आहे. गाडी चढताना मध्येच रिमोटवर हात धरा आणि काय होते ते पाहा. छप्पर काढून आत हात घालायला हरकत नाही, मुलांनी आणि मोठ्यांनीही. फक्त सेल आधी काढावेत, आणि त्यांच्या दोन टोकांना एकच तार लावू नये, ते तापतात.