ऐच्छिक विषयांची निवड
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. शिष्यवृत्ती समितीवर बसून विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेत असता जे दिसले, आणि ज्यात आमच्या हातूनही एक चूक घडली, तेवढेच आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले-मुली अलीकडे संगणक अभियांत्रिकीकडे वळतात. प्रवेश मिळावा म्हणून सारे घर दोन वर्षे झटते. कोणी कर्ज काढतो, कोणी दागिने गहाण ठेवतो. परंतु प्रवेश झाला की पालक निश्चिंत होतात. पुढे ऐच्छिक विषयांची यादी हाती येते, तेव्हा मुलगा एकटा असतो. अमुक विषय का घेतला, असे आम्ही मुलाखतीत विचारतो. उत्तरे बहुधा तीनच मिळतात : मित्राने घेतला, गुण सहज पडतात, किंवा नाव नवे वाटले. विषय काय शिकवितो, हे उत्तर क्वचितच येते.

आता आमची चूक सांगतो. २००९ साली एक हुशार विद्यार्थी आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. त्याच्यापुढे दोन विषय होते : एक कंपायलर आणि दुसरा मल्टिमीडिया. पहिला कठीण, दुसरा सोपा. नोकरीसाठी टक्केवारी लागते, तेव्हा गुण मिळतील तो घे, असे आम्ही सांगितले. त्याने ऐकले. उत्तम गुण मिळाले, आणि संकेतस्थळांसाठी फ्लॅश या साधनाने चलचित्रे करण्याची नोकरीही मिळाली. पुढे हातातील फोन हेच लोकांचे संगणक झाले, आणि तेथे फ्लॅशला थारा मिळेना. अखेर अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधारच काढून घेतला. त्याच्या कितीतरी आधी या विद्यार्थ्याचे काम सुटले होते. संसाराचा भार शिरावर असता त्याला रात्री जागून मूळ विषय नव्याने शिकावे लागले. एकदा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, कठीण विषयाला भिऊ नकोस, एवढे आपण त्या वेळी म्हणावयास हवे होते.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आमच्या मनाला अधिक लागले.

या प्रसंगापासून आम्ही एक भेद शिकलो. साधन वेगळे आणि सिद्धान्त वेगळा. साधने काही वर्षांत जुनी होतात, सिद्धान्त टिकतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तो व्हॅक्यूम ट्यूबवर चालत असे. तसली यंत्रे आता इतिहासजमा झाली आहेत. परंतु डायक्स्ट्रा यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ साली, सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती संगणकांच्या जाळ्यांत आजही वापरात आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेला, माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवण्याचा सिद्धान्त आज बँकांतून आणि कचेऱ्यांतून राबत आहे. हे विषय ज्याने नीट अभ्यासले, त्याला नवे साधन शिकावयास काही आठवडे पुरतात. ज्याने केवळ साधन अभ्यासले, त्याला प्रत्येक वेळी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा काळ आहे, जुने विषय कशाला? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि यंत्र स्वतःच प्रोग्रॅम लिहू लागल्याचे सर्वांनी पाहिले, हे खरे. परंतु यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे कोणी ठरवावयाचे? ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क यांचे अंतरंग ठाऊक आहे, त्यानेच. शिवाय ही विद्याही गणितावरच उभी आहे. ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली. तिच्यातही संभाव्यता, संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित यांना स्थान आहेच. तेव्हा मशीन लर्निंग अवश्य घ्यावे, परंतु हा पाया घालून घ्यावे. नुसत्या नावावर भुलू नये.

विषय निवडताना आपला कल कोठे आहे, हे प्रथम पाहावे. सुरक्षेच्या कामाची आवड असेल, तर नेटवर्क आणि क्रिप्टोग्राफी जोडीने घ्यावीत. मोटारी व उपकरणे यांतील संगणकाचे आकर्षण असेल, तर एम्बेडेड सिस्टिम आणि संगणकरचना घ्यावी. बँका आणि व्यापार यांच्या मोठ्या प्रणाली उभाराव्याशा वाटत असतील, तर प्रगत डेटाबेस आणि डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिम यांची सांगड घालावी. एकमेकांस पूरक असे दोन विषय चार विस्कळीत विषयांपेक्षा अधिक फलदायी ठरतात. शाखेबाहेरचा विषय घेण्याची मुभा असेल, तर अर्थशास्त्र किंवा हिशेबशास्त्र घेण्यास संकोच करू नये. ज्यांच्यासाठी प्रणाली तयार करावयाची, त्यांचा व्यवहार समजणे हीही एक विद्याच आहे.

गुणांची चिंता आम्ही क्षुल्लक मानीत नाही. कित्येक कंपन्या किमान टक्केवारीची अट घालतात. म्हणून एकाच सत्रात सर्व कठीण विषय घेऊ नयेत. एक कठीण विषय घ्यावा आणि तो मनापासून करावा. अर्ज भरण्यापूर्वी संपूर्ण अभ्यासक्रम वाचावा, मागील प्रश्नपत्रिका पाहाव्यात, प्रयोगशाळेचे काम आहे की नाही याची चौकशी करावी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी बोलावे. हवा तो विषय महाविद्यालयात नसेल, तर आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात.

पालकांस एक विनंती. मुलीने सोपे तेच घ्यावे, असा आग्रह काही घरांत आम्हांस आढळला. तो सर्वस्वी अनुचित आहे. कठीण विषय पेलण्याची ताकद मुलगा-मुलगी पाहून येत नाही. आपण विषय निवडून देऊ नये, मात्र “हा का घेतोस?” असे प्रेमाने अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळ काम होते.

मंडळातील अनुभवी अभियंत्यांनी प्रतिवर्षी एक रविवार या कार्यासाठी द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. २००९ साली आमच्याकडे तो विद्यार्थी आला, तेव्हा असा एखादा जाणता माणूस शेजारी असता, तर त्याची काही वर्षे वाचली असती. पुढील विद्यार्थ्यांची तरी वाचावीत, एवढीच आमची इच्छा आहे.