गोळी सुटल्यानंतरचा कायदा
(म्हसवड येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की आपल्याकडे दोनच आवाज उठतात. एक म्हणतो, ‘बरं झालं.’ दुसरा म्हणतो, ‘आपल्याला कुठला न्याय मिळणार?’ तपास नीट झाला का, हे दोघेही विचारत नाहीत.

1995 ते 1997 या काळात मुंबई पोलिसांच्या 99 चकमकींत सुमारे 135 माणसे मेली. त्यावर पीयूसीएल ही संघटना न्यायालयात गेली. 23 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 16 नियम घालून दिले. चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे चित्रीकरण व्हायला हवे. मॅजिस्ट्रेटची चौकशी वेगळी. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचे.

पोलिसालाही हे नियम ठाऊक हवेत. गोळी झाडल्यावर शस्त्र तपासणीसाठी जमा करावे लागते. लगोलग बढती किंवा शौर्यपदक मिळत नाही. त्याच्या घरच्यांना कळवायचे, त्याला वकील आणि समुपदेशन द्यायचे, हेही त्याच नियमांत आहे. जीव वाचवण्यासाठी नाइलाजाने गोळी झाडणाऱ्या प्रामाणिक शिपायाला निर्दोष ठरवणारी चौकशीही हीच.

लखनभैया प्रकरण आठवा. 11 नोव्हेंबर 2006 रोजी त्याला उचलले आणि त्याच संध्याकाळी मुंबईत चकमकीत ठार झाल्याचे दाखवले. त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्या कागदांवरची वेळ पुढे बोलली. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी ठरवले. तिथे सुटलेल्या प्रदीप शर्मांना 19 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. लखनभैयावर गुन्हे होते. तरीही त्याला शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचाच होता.

म्हणून अफवा पुढे ढकलू नका, दगड उचलू नका. कोणाला उचलले तर वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर लिहा. अर्ज द्या, पोच घ्या. नियम पाळले नाहीत तर कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते.

आणि मेलेला आपल्यातला असो वा नसो, हाच प्रश्न विचारा. साक्ष आपल्या माणसाच्या विरोधात गेली तरी खरी द्या, ही आपल्या दीनची शिकवण आहे. संविधानही न्यायाला नाव-गाव विचारत नाही.