मांजर दत्तक घेण्याआधी त्याचा वारसदार ठरवा



आज मी काशीत, अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर बसून बोलतोय. नारद घाट आणि पांडे घाट यांच्या मधला हा घाट. आता त्याला राजा घाट म्हणतात. विषय आहे शेल्टरमधून मांजर दत्तक घेण्याचा. ‘इथे मांजर कुठून आलं?’ असं तुम्ही विचाराल. संबंध ‘दत्तक’ या शब्दाशी आहे.

घाट बांधणारे अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १७७५ मध्ये दादांना औरस मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. पेशवाईची वस्त्रं पुढे त्यालाच मिळाली. १८०३ मध्ये अमृतरावांनी इंग्रजांकडून वर्षाला सात लाखांची नेमणूक स्वीकारली आणि पुढे ते काशीत येऊन राहिले. राजकारण बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच, की रिकामी जागा भरण्यासाठी दत्तक घेतलं आणि ती जागा नंतर भरली, तर दत्तकाचं काय?

आपल्या वयात हा प्रश्न मांजरालाही लागू होतो. मुलं परदेशी, घर सुनं, म्हणून मांजर आणतो. मग नातवंड येतं, नाहीतर आपणच आजारी पडतो. मग मांजर एका पिशवीत घालून मासळीबाजारापाशी सोडलं जातं. उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. मी सहासष्टचा आहे. हिशेब तुम्हीच करा. म्हणून मी पिल्लू न घेता सहा वर्षांची मांजरी आणली. शेल्टरमध्ये लोक पिल्लांपाशी थांबतात, मोठी मांजरं मागे राहतात. पण मोठ्या मांजराचा स्वभाव कळलेला असतो, नसबंदी बहुधा झालेली असते आणि रात्री दोन वाजता ते पडद्यावर चढत नाही.

पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत ठेवलं. पाणी, मातीचा ट्रे आणि लपायला खोकं. उचलून घ्यायला गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून खुर्चीखाली येऊन बसली.

फौजेत पोस्टिंग आली की हँडिंग-टेकिंग ओव्हर होतं. चार्ज दिल्याशिवाय कोणी युनिट सोडत नाही. तेच मी इथे केलं. भाचीला आधी विचारलं, ती ‘हो’ म्हणाली, मगच शेल्टरचा फॉर्म भरला. ती महिन्यातून एकदा येते, म्हणजे मांजरी तिला ओळखते. फ्रिजवर एक कागद लावलाय: रेबीजसह सगळ्या लसींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर, दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. आणि लाल अक्षरात, पॅरासिटामॉल कधीही नाही. माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते.

मांजराच्या नावे इस्टेट करता येत नाही. पण मृत्युपत्रात ते कोणाकडे जावं आणि त्याच्या खर्चासाठी त्या व्यक्तीला किती रक्कम द्यावी, हे लिहिता येतं. मी लिहिलंय.

तुम्ही साठी ओलांडली असेल तर मांजर जरूर आणा. आणण्याआधी एका माणसाला फोन करा आणि स्पष्ट विचारा, ‘माझ्यानंतर तू सांभाळशील का?’ होकार आला की शेल्टरला जा.

जय हिंद.