दारात सामना, पडद्यावर अंधार

पैसे मोजून, कायद्यानं वागून खेळ पाहणाऱ्याच्याच तोंडावर पडदा ओढायचा, असा एक उफराटा न्याय सध्या चालतो. त्याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे इंग्लंडमधली शनिवारची दुपार.

तिथं शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना थेट दाखवायला बंदी आहे. टीव्हीवर नाही आणि मोबाइलवरही नाही. या बंदीमागे होते १९६०च्या दशकातले बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड. गृहस्थ धंद्यानं खाटीक, गल्ल्याची किंमत जाणणारे. बड्या संघांचा खेळ घरबसल्या दिसू लागला, तर लहान गावातल्या संघासाठी तिकीट काढून पावसात कोण उभं राहील, हा त्यांचा सवाल. मला तो आजही पटतो. खालच्या श्रेणीतल्या क्लबांची चूल बरीचशी तिकिटांच्या पैशांवरच पेटते.

पण माझ्या भाचीनं काय करावं? ती लीड्सला राहते, एलंड रोड मैदानापासून चालत दहा मिनिटांवर. सामने पाहण्यासाठी दरमहा वर्गणी भरते. मैदानात जावं, तर तिकीट मिळणं दुर्लभ. मग शनिवारी तीनचा सामना असला, की तिचा फोन पुण्याला येतो, कारण आपल्याकडे तोच सामना रात्री अॅपवर राजरोस दिसतो. गंमत अशी, की इंटरनेटवरून चित्र माझ्यापर्यंत पोचायला अर्धा मिनिट तरी उशीर होतो. तिच्या खिडकीतून मात्र मैदानातली गर्जना तत्काळ आत येते. "मामा, गोल झाला ना? कुणी मारला?" ती विचारते आणि माझ्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेपाशीच असतो! मी म्हणतो, "थांब गं जरा, तुझ्या गावातला गोल इकडे यायचाय."

माझं इथलं खातं तिनं तिकडे उघडावं, तर तेही चालत नाही. इंटरनेटच्या जोडणीवरून आपण कोणत्या देशात आहोत हे अॅप ओळखतं आणि दार लावून घेतं. हक्क देशवार विकलेले असतात ना! पोर्टस्मथमध्ये पब चालवणाऱ्या केरन मर्फी यांनी स्वस्त पडतं म्हणून ग्रीसचं डिकोडर कार्ड आणून सामने दाखवले, तर त्यांना शिक्षा झाली. बाई थेट युरोपीय न्यायालयापर्यंत लढल्या. दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड वापरायला अशी सरसकट बंदी घालता येणार नाही, असं त्या न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं. खुद्द सामन्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, लीगच्या गीतावर मात्र असतो, हेही सांगितलं! २०१२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. पुढे ब्रिटनच युरोपीय बाजारपेठेतून बाहेर पडलं आणि ती वाटही बुजली.

आपण हसायचं कारण नाही. २००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र आपल्याकडे दूरदर्शनला द्यावं लागतं. पण हे चित्र दूरदर्शननं स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डिशवरच दाखवावं, खासगी केबलवर नाही, असा निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला. हक्क विकत घेणाऱ्याचं नुकसान नको, हे समजू शकतं. परिणाम मात्र असा, की मासिक शुल्क नसलेल्या फ्री डिशवर सामना दिसतो आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भरणाऱ्या केबलच्या घरात त्याच दूरदर्शनवर भलताच कार्यक्रम चालू असतो.

करोनामुळे २०२० मध्ये मैदानं रिकामी पडली, तेव्हा इंग्लंडमधली बंदी बाजूला ठेवली गेली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. माझ्या मते, ज्या सामन्याची तिकिटं संपली असतील, तो त्या गावातल्या लोकांना पैसे घेऊन खुशाल दाखवावा आणि त्यातला वाटा आसपासच्या लहान क्लबांना द्यावा. लॉर्डसाहेबांचा गल्लाही राहील. तूर्त भाचीनं स्वयंपाकघरात एक रेडिओ आणून ठेवलाय. समालोचनाला ती बंदी लागू नाही.