तांब्याची केबल की काचेचा तंतू?



इंटरनेटची जोडणी घ्यावयाची म्हटले की प्रथम वेग विचारला जातो. जाहिरातीतही तोच आकडा ठळक असतो. परंतु तो बहुधा माहिती आत येण्याचा वेग असतो, बाहेर जाण्याचा नव्हे. ग्रामपंचायतीला लेखे पाठवावयाचे असतात, शाळेला विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची असते. तेथे दुसराच आकडा महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे केबल दूरदर्शनचा प्रसार १९९१ च्या आखाती युद्धानंतर झपाट्याने झाला. मध्ये धातूचा गाभा, भोवती रोधक आवरण व त्यावर धातूची जाळी, अशी ती तार. चित्रे घरोघर पोचवावीत एवढाच तिचा हेतू. घराने उलट काही पाठवावे ही अपेक्षाच नव्हती. पुढे तिच्यावरून इंटरनेट आले, तेव्हा परतीच्या वाटेला अरुंद पट्टा उरला. एका भागातील ग्राहक तीच तार वाटून घेत असल्याने सायंकाळी वेग मंदावतो. शिवाय संदेश क्षीण होतो म्हणून ठरावीक अंतरावर अँप्लिफायर बसवावे लागतात, आणि त्यांना वीज लागते. वाटेवरची वीज गेली, तर घरी इन्व्हर्टर असूनही जोडणी बंद पडू शकते. शहरात, जेथे देखभाल चांगली आहे, तेथे चित्रपट पाहण्यास केबल पुरेशी आहे, हेही मान्य केले पाहिजे.

ऑप्टिकल फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठविण्याचे संशोधन १९५४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केल्यास दूरवर संदेश पाठविता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखविले. त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक लाभले. आजच्या उत्तम तंतूत सुमारे १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. म्हणून केंद्रापासून घरापर्यंत वाटेत वीज लागत नाही. हा तंतूही ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. पण प्रचलित पद्धतीत येण्यासाठी सुमारे २.५ गिगाबिट व जाण्यासाठी १.२५ गिगाबिट एवढी वाट असते.

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास केंद्राने २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ मध्ये त्याचे नाव भारतनेट झाले. तंतू ग्रामपंचायतीपर्यंत आला म्हणजे घरात आला असे नव्हे. ‘फायबर’ म्हणून विकलेल्या जोडणीत शेवटचा तुकडा तांब्याचा असू शकतो. तेव्हा तंतू नेमका कोठपर्यंत येतो, हे विचारून घ्यावे.

फायबरची खरी अडचण दुरुस्तीची. केबल तुटली तर गावातील तरुण चाकूने सोलून ती सांधतो. काचतंतू जोडण्यास मात्र विशेष यंत्र व शिकलेला माणूस लागतो, आणि तो येईपर्यंत कचेरी खोळंबते. तुटण्याचे कारण पुष्कळदा आपलेच असते : गटार, नळयोजना, रस्ता यांसाठी चाललेला जेसीबी. खोदकामाची पूर्वसूचना देण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. ठेकेदाराला कार्यारंभ आदेश देण्यापूर्वी ग्रामसेवकाने तंतूचा मार्ग नकाशावर दाखवून द्यावा, आणि जोडणी घेताना दुरुस्ती किती तासांत होईल ते करारात लिहून घ्यावे.